पट्ट्याची दोन भोकं

मी संशयी माणूस नाही. मला मोजायची सवय आहे, एवढंच. वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत सव्वीस वर्षं काढली की माणूस दुकानात शिरल्यावर आधी तराजूकडे बघतो, मग दुकानदाराकडे, आणि दुकानदार गोड हसला तर पुन्हा एकदा तराजूकडे. आमची ही म्हणते, मी सकाळी आरशात स्वतःकडेसुद्धा ‘हा कोण आणि इथे कशाला आलाय’ अशाच नजरेनं बघतो. म्हणू दे. पण त्या बुधवारी संध्याकाळी जे झालं ते बघून एखाद्या भाबड्या माणसाच्याही कपाळाला आठ्या पडल्या असत्या.

जमिनीवर उभं राहून छोटं विमान उडवायचा माझा खेळ आहे, आणि त्याच्या ट्रान्समीटरला गळ्यात अडकवायचा पट्टा आहे. घरात सगळे त्याला रिमोट म्हणतात. टीव्हीचा असतो तो रिमोट. अकरा वर्षं सांगतोय, पण असो. तर त्या पट्ट्याला नऊ भोकं आहेत आणि माझं भोक सहावं. बुधवारी कचेरीतून आलो, कपडे बदलले, सवयीनं पट्टा गळ्यात घातला, तर ट्रान्समीटर पोटाशी यायच्या ऐवजी छातीशी येऊन थांबला. बघतो तर पट्टा चौथ्या भोकावर!

मी ओरडलो नाही. मुकाट्यानं संगणकासमोरच्या खुर्चीत बसलो. खुर्चीही जरा खाली गेल्यासारखी वाटली, पण एका वेळी एकच प्रकरण हातात घ्यायचं असा आमच्या कचेरीचा शिरस्ता आहे.

“अगं, माझ्या पट्ट्याला कोणी हात लावला?”

“कुठल्या? कमरेच्या?” ही स्वयंपाकघरातून.

“ट्रान्समीटरच्या!”

“रिमोटच्या होय. मला वाटलं पोट कमी झालं.”

चेष्टेची वेळ नव्हती. अकरा दिवसांवर निवड स्पर्धा आली होती. त्यात रेखीव उड्डाणातून एकच माणूस राष्ट्रीय संघात जाणार होता. मी याआधी चार वेळा राखीव ठरलो होतो. राखीव म्हणजे काय, तर दुसऱ्यांच्या पेट्या उचलायच्या आणि फोटोत कडेला अर्धं यायचं. माझं वय बावन्न. लांबचं विमान आताशा जरा धूसर दिसतं. पुढच्या वर्षी आकृत्यांची यादीही बदलणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं, आणि हेच आणखी कोणाला तरी कळलं असणार असा माझा हिशोब होता.

आमच्या खेळात दोन पंथ आहेत. आम्ही रेखीव उड्डाणाचे, म्हणजे रेघवाले. सतरा आकृत्या, ठरलेल्या क्रमानं, आकाशातल्या ठरलेल्या चौकटीत. उभी रेघ म्हणजे उभी, गोल म्हणजे गोल. मागे पाच परीक्षक खुर्च्या टाकून बसतात आणि रेघ वाकडी गेली की गुण कापतात. दुसरे ते गाणंवाले. त्यांच्या प्रकाराला मुक्त उड्डाण म्हणतात. चार मिनिटं गाणं लावायचं आणि मनाला येईल तसं विमान नाचवायचं. विमान शेपटीवर उभं राहतं, गिरक्या घेतं, जमिनीला हात टेकवल्यासारखं करतं आणि लोक टाळ्या पिटतात. आमच्या अचूक गोलाला आजवर कोणी टाळी वाजवलेली नाही. मी क्लबचा सचिव असल्यामुळे एकदा सर्वसाधारण सभेत स्पष्टच बोललो होतो की मुक्त उड्डाण हा खेळ नसून तमाशा आहे. तेव्हापासून गाणंवाले माझ्याशी फार गोड बोलतात. गोड बोलणाऱ्यांबद्दल माझं मत वर दिलंच आहे.

त्या गाणंवाल्यांचा म्होरक्या म्हणजे माझा सख्खा मेहुणा. गाद्यांचं दुकान आहे त्याचं आणि माल पोचवायला एक मोठी गाडी. पहिला संशय अर्थातच त्याच्यावर गेला. पण तो आहे सहा फूट. त्याच्या गळ्यात माझा पट्टा आठव्या भोकावर लागला असता.

“चोर बुटका आहे,” मी हिला म्हणालो. “जरा इकडे ये. हा पट्टा घाल बघू.”

ही हात पुसत आली. पट्टा घातला. ट्रान्समीटर बरोब्बर पोटाशी आला.

“बघ! साधारण तुझ्याच उंचीचा माणूस आहे.”

“असेल,” ही म्हणाली आणि आत गेली.

ही माझी सांगणारी आहे, हे राहिलंच. रेखीव उड्डाणात उडवणाऱ्याला विमानावरून नजर काढता येत नाही, म्हणून त्याच्या डाव्या खांद्यामागे एक माणूस यादी घेऊन उभा राहतो आणि पुढची आकृती मोठ्यानं वाचतो. नऊ वर्षं ही माझ्या खांद्यामागे उभी आहे. सकाळच्या शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे आवाज खणखणीत. दोन-एक वर्षांपूर्वी म्हणाली होती, “मी एकदा उडवून बघू का?” मी म्हटलं, आधी संगणकावर शंभर तास सराव कर, मग बघू. नवख्या माणसाला मी हेच सांगतो. पुन्हा कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तपास हातात घेतला. चार्जर आपण किती वेळा बॅटऱ्या भरल्या ते लक्षात ठेवतो. चार्जर म्हणत होता एक्केचाळीस. माझी वही म्हणत होती सव्वीस. पंधरा वेळा कोणीतरी माझं विमान उडवून, बॅटऱ्या पुन्हा भरून, जागच्या जागी ठेवलं होतं. शेपटीच्या फटीत कापसाचा एक तंतू सापडला. कापूस! गादी! मेहुण्याचं नाव मी वहीत पुन्हा वर घेतलं. मग विमान तराजूवर ठेवलं, माझ्या स्वतःच्या, प्रमाणित तराजूवर. पाच किलोच्या आत असावं लागतं. माझं चार हजार नऊशे ऐंशी ग्रॅम होतं, तीन वर्षं रोज घासून घासून आणलेलं. आता भरलं चार हजार नऊशे एकोणनव्वद.

नऊ ग्रॅम कुठून आले? भिंग घेऊन दीड तास शोधलं तेव्हा चाकाच्या टोपणावर एक बुजवलेली चीर दिसली. इतकी सुबक बुजवली होती की माझ्या हातून तशी झाली नसती. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, वरून चकाकी दिलेली. दाताला भरतात ते सिमेंट!

आमच्या शेजारी निवृत्त दातांचे डॉक्टर राहतात. उंची पाच फूट दोन इंच.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते बाल्कनीत झाडाला पाणी घालत होते. मी सहज म्हणून विचारलं, “डॉक्टर, हल्ली काही काम करता का हो? चिरा वगैरे बुजवायचं?”

डॉक्टरांच्या हातातली झारी तशीच राहिली. पाणी खालच्या मजल्यावर पडत राहिलं. “कोणाला दुखतंय?” ते म्हणाले.

“दुखत नाहीये. विचारलं.”

“दुखत नसेल तर उकरू नये,” ते म्हणाले. “माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. उगाच उकरलं की मूळ हलतं.” आणि मग त्यांनी मला अर्धा तास सल्ला दिला. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, रात्री दात खाता का, बायकोला कुठेतरी फिरायला न्या. शेजाऱ्याला सल्ला द्यायची एवढी घाई कधी होते, तर त्याला विषय बदलायचा असतो तेव्हा. मी वहीत नोंद केली: डॉक्टर, संशय दाट.

कुलूप बदललं. नव्या कुलपाच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे आणि एक हिच्याकडे. तरीही सोमवारी चार्जर बेचाळीस म्हणाला. चोराला तिसरी किल्ली कुठून मिळाली या विचारानं मला जेवण जाईना. “तू तर किल्ली कुठे विसरली नाहीस ना?” मी हिला विचारलं. “छे, माझी माझ्याजवळच होती,” ही म्हणाली. या घरात निदान एक माणूस तरी भरवशाचा आहे, एवढंच काय ते समाधान.

मग मैदानावर गेलो. तिथे रखवालदार आहे आणि त्याच्याजवळ नोंदवही. ती मीच सुरू केली, रकाने मीच आखले, छापूनही मीच आणली. वही उघडली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. गेले दोन महिने, मी कचेरीत असताना, दुपारी दीड ते तीन, माझ्या नावासमोर हजेरी!

“हे काय आहे?” मी वही त्याच्या तोंडासमोर धरली.

“तुमचं विमान आलं, म्हणून तुमचं नाव,” रखवालदार म्हणाला.

“पण मी आलो होतो का?”

“ते मला काय माहीत साहेब? रकाना विमानाचा आहे. विमान नंबर, मालकाचं नाव, वेळ. माणसाचा रकानाच नाही. मी मागे म्हणालो होतो तुम्हाला, माणूस कुठे लिहू? तुम्ही म्हणालात, छापलंय तेवढंच भर, जास्त डोकं चालवू नको.”

म्हणालो होतो खरा. “मग उडवत कोण होतं ते तरी सांग!”

“लांबून दिसत नाही साहेब,” तो म्हणाला आणि एकदम झाडू शोधायला निघून गेला. झाडू त्याच्या हातातच होता.

तेव्हा मी पोलीस चौकीत जायचं ठरवलं. टेबलामागचे हवालदार चांगले वाटले. कागद ओढून म्हणाले, “काय चोरीला गेलं?”

“विमान.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी खुलासा केला. त्यांनी पेन पुन्हा उचललं. “कधी गेलं?”

“गेलं नाही. घरीच आहे. कोणीतरी नेऊन उडवतं आणि परत आणून ठेवतं.”

“मोडलंय?”

“नाही. मोडलं होतं ते दुरुस्त करून ठेवलंय.”

“काही काढून घेतलंय?”

“उलट नऊ ग्रॅम वाढवलंय.”

हवालदारांनी बोटांवर एकेक मोजलं. “म्हणजे घेऊन जातो, वापरतो, दुरुस्त करतो, चार्ज करतो आणि पुसून जागेवर ठेवतो?”

“हो. पुसतोही.”

“साहेब, हा सापडला तर आधी माझ्याकडे पाठवा,” ते म्हणाले. “माझी मोटारसायकल उभीच आहे.” चौकीतले सगळे हसले. सव्वीस वर्षं लोक माझ्यासमोर चळचळ कापत आलेत, आणि इथे एक हवालदार मला मोटारसायकल दाखवत होता! मी तडक उठलो. कायदा मदत करत नाही म्हटल्यावर सापळा मलाच लावावा लागणार होता.

सापळा सांगण्याआधी एक खटका समजावून सांगतो. ट्रान्समीटरवर उजव्या हाताशी एक खटका आहे. तो खाली असला की विमान मवाळ, म्हणजे बोट जेवढं हलेल तेवढंच वळणार. वर केला की तिखट. नुसतं बोट थरथरलं तरी विमान कोलांटी मारतं. तिखट हे गाणंवाल्यांचं काम. मी तो खटका अकरा वर्षांत कधी वर केला नव्हता, तिखटपणा किती हवा याचे आकडेही त्यात भरले नव्हते. गुरुवारी उघडून बघतो तर आकडे भरलेले! माझ्या ट्रान्समीटरमध्ये परक्या माणसाचे आकडे! परक्या माणसाचा टूथब्रश आपल्या पेल्यात सापडावा तसं मला झालं.

मी खटका आतून उलटा केला. आता खाली तिखट आणि वर मवाळ. कोणाला सांगितलं नाही, हिलासुद्धा नाही. चोर सवयीनं खटका वर करणार, विमान मवाळच राहणार, तो चक्रावणार आणि कधी ना कधी तोंडातून बोलून जाणार. खटका उलटा आहे हे ज्याला ठाऊक, तोच चोर. सव्वीस वर्षांच्या नोकरीचं सार मी त्या एका खटक्यात ओतलं होतं. मोठ्या समाधानानं झोपलो.

शुक्रवारी कचेरीत अकराच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की चोर विमान जमिनीवरून उचलताना खटका खाली ठेवतो. म्हणजे विमान उचलतानाच तिखट. म्हणजे विमान मातीत! माझं तीन वर्षांचं विमान, निवड दोन दिवसांवर, आणि सापळा लावणारा मी! साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेलो. अर्जावर कारण लिहावं लागतं. ‘विमान’ असं लिहिलं. साहेबांनी कुठे चाललात विचारलं, मी घरी म्हणालो, त्यांनी अर्ज परत दिला, मी ‘प्रकृती’ असं लिहिलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरचा दाखला मागितला. मी म्हटलं आणतो, शेजारीच आहेत. ते दाताचे आहेत हे सांगितलं नाही. या सगळ्यात तीन वाजले.

धापा टाकत घरी पोचलो. विमान आपल्या लाकडी घोडीवर शांत बसलं होतं. ओरखडा नाही, धूळ नाही, लखलखीत. ही नकाशे तपासत होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

“आज कोणी आलं होतं?”

“कोणी नाही बाई,” ही म्हणाली. “ऊन काय आहे ना पण.”

खटका सरळ करायचा मी निश्चय केला आणि वहीत लिहिलं: शनिवारी खटका सरळ करणे. पण शनिवारी स्पर्धेसाठी विमानांचं वजन होतं. आयोजकांच्या तराजूनं माझं विमान चार हजार नऊशे ब्याण्णव दाखवलं. तीन ग्रॅमची तफावत! मी तराजूचं प्रमाणपत्र मागितलं. ते कपाटात होतं. कपाटाची किल्ली खजिनदाराकडे आणि खजिनदार गावाला. मी माझा तराजू आणतो म्हटलं, तर बाहेरचा तराजू चालत नाही असा नियम निघाला. नियम कोणी केला? सचिवानं, म्हणजे मीच. विमान दोन्ही तराजूंवर पाच किलोच्या आतच होतं, पण प्रश्न तत्त्वाचा होता. संध्याकाळी सात वाजता मी तत्त्व जिंकून, घसा बसवून घरी आलो. वही उघडलीच नाही.

रविवारी स्वच्छ ऊन, वारा नावाला. माझा क्रमांक नववा. मेहुणा आपली गाद्यांची गाडी घेऊन आला होता. त्याच्या शेजारी डॉक्टर. “तुम्ही कसे इथे?” मी विचारलं. “बघायला,” ते म्हणाले आणि टोपी डोळ्यांवर ओढली. रखवालदार उगाचच आमच्या आसपास झाडत होता. माझे सगळे संशयित एका जागी जमले होते. मी मनात म्हटलं, आज घात होणार. मेहुण्यावर एक डोळा, डॉक्टरांवर एक डोळा, आणि विमानासाठी डोळा उरला नाही. त्या नादात अकरा वर्षांच्या सवयीनं खटक्यावर बोट फिरवलं. खाली. बरोबर. विमान सोडलं.

विमान धावलं आणि जमिनीवरून असं उसळलं की परीक्षकांपैकी एकाच्या तोंडून “अरे!” निघालं.

“एक,” खांद्यामागून ही वाचायला लागली. “मोठा गोल, वर गेल्यावर अर्धी गिरकी.”

मी ट्रान्समीटरची काडी ओढली. मोठा गोल कसला, विमानानं जागच्या जागी कोलांटी मारली आणि शेपूट हलवत भलतीकडे तोंड करून थांबलं. मी सावरायला गेलो, ते पाठीवर पडलं. मी घाबरलो, ते माझ्याहून जास्त घाबरलं.

“घात झाला!” मी ओरडलो. “मेहुण्यानं घात केला!”

“भाऊजी, मी इथे उभा आहे!” मेहुणा लांबून ओरडला.

“बोलणं आकृत्यांपुरतं ठेवा,” मुख्य परीक्षक म्हणाले.

विमान आता नाक खाली करून थेट परीक्षकांच्या चहाच्या टेबलाकडे निघालं होतं. सांगणाऱ्यानं ट्रान्समीटरला हात लावला की स्पर्धक बाद. हिनं हात लावला नाही. माझ्या कानाशी, वर्गात सांगावं तशा आवाजात म्हणाली, “खटका वर करा.”

“वर तिखट असतं!”

“आता खाली तिखट आहे. तुम्ही उलटा केलाय. वर करा.”

मी वर केला. विमान एकदम शहाणं झालं. डोक्यावरून सरळ रेघेत गेलं आणि मग मला ते ऐकू आलं. म्हणजे कानांना आधीच ऐकू आलं होतं, डोक्याला आता.

“तुला कसं माहीत?”

“दोन. उभी रेघ.”

“तुला कसं माहीत खटका उलटा आहे?”

“अहो, आधी उडवा, मग विचारा. दोन. उभी रेघ, वर अर्धी गिरकी, डावीकडे वळून खाली!”

उडवलं. पहिल्या दोन आकृत्यांना शून्य मिळालं, पण पुढच्या पंधरा अशा गेल्या की तसं मी आयुष्यात कधी उडवलं नव्हतं. डोकं पूर्ण बधिर झालं होतं, त्यामुळे मध्ये काही आलंच नाही. ही वाचत होती आणि मी करत होतो. उतरवलं तेव्हा चाकांचा आवाजही झाला नाही.

निकाल लागला. मी पाचवा. यंदा राखीवही नाही.

गाद्यांच्या गाडीच्या सावलीत मी पेटीवर बसलो. समोर ही, मेहुणा, डॉक्टर, आणि जरा मागे झाडू घेऊन रखवालदार.

“विमान कोण न्यायचं?” मी विचारलं.

“मी,” मेहुणा म्हणाला. “गादीवर ठेवून. खड्डे चुकवत.”

“चीर?”

“मी बुजवली,” डॉक्टर म्हणाले. “एक दिवस उतरताना जरासं लागलं होतं. तुम्ही उकरू नका म्हणून सांगत होतो.”

मी रखवालदाराकडे बघितलं. “बाई छान उडवतात साहेब,” तो म्हणाला. “पण रकाना नव्हता.”

माझा प्रत्येक संशय खरा निघाला होता. एकूण एक. ज्याचं ज्याचं नाव वहीत होतं तो तो सामील होता. फक्त एक नाव लिहायचं राहून गेलं होतं. एवढा बिनचूक तपास करून माणूस एवढा गाढव ठरू शकतो, हे मला माहीत नव्हतं. मला राग आला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

“तू शंभर तास तरी केलेस का?” मी विचारलं.

“दोनशे चाळीस,” ही म्हणाली. “तुम्ही शंभर सांगितलेत आणि विसरून गेलात. मी दुपारी घरी आले की बसायची.”

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं असतंत.” हिनं माझ्याकडे सरळ बघितलं. “नऊ वर्षं मी तुमच्या मागे उभी राहून ‘उभी रेघ, आडवी रेघ’ म्हणतेय. मला एकदा काही न सांगता, कोणी काही न सांगता, नुसतं उडवून बघायचं होतं. आज तीन वाजता माझं नाव आहे. मुक्तमध्ये.”

मेहुण्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. मी ओळखला. दुसऱ्याचं विमान स्पर्धेत उडवायचं असेल तर मालकाची लेखी संमती, तीन प्रतींत. हा अर्जही माझाच. गाणंवाले एकमेकांची विमानं वापरतात असा संशय आला म्हणून गेल्या वर्षी मीच आणला होता. तिन्ही प्रती भरलेल्या होत्या. सहीची जागा तेवढी रिकामी.

“ताईला म्हटलं, सही मारून टाक, तुझं अक्षर भाऊजींसारखंच आहे,” मेहुणा म्हणाला. “तर माझ्यावरच खवळली.”

“सही त्यांचीच पाहिजे,” ही म्हणाली. “नाहीतर राहू दे.”

तीन वाजायला वीस मिनिटं होती. मी विमानाकडे बघितलं. ही ते जमिनीपासून हातभर उंचीवर शेपटीवर उभं करणार होती. बोट एवढंसं चुकलं की तीन वर्षांचा भुगा.

“हे बांधायला तीन वर्षं लागली,” मी म्हणालो.

“मला माहीत आहे. घासलं मीच आहे.”

खरंच की. पॉलिश कागद घेऊन संध्याकाळच्या संध्याकाळ समोर कोण बसायचं? मी वजन करायचो, ही घासायची. मी पेन उघडलं, आणि माझा हात थांबला. भीतीनं नाही. मला खटका आठवला. विमान चहाच्या टेबलाकडे निघालेलं असताना ही म्हणाली वर करा, आणि मी केला. प्रमाणपत्र मागितलं नाही. आधी केला, मग विचारलं. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदाच कोणाचा तरी शब्द न तपासता घेतला होता, आणि त्यामुळेच ते विमान अजून विमान होतं.

तिन्ही प्रतींवर सही केली. सवयीप्रमाणे खाली तारीख टाकली.

“मागे कोण उभं राहणार?” मी विचारलं. “मुक्तमध्ये सांगायला काही नसतं, पण एक माणूस चालतो. नियम आहे.”

“या ना,” ही म्हणाली. “फक्त काही बोलू नका.”

तिनं पट्टा गळ्यात घातला. सहाव्या भोकातून काढला आणि चौथ्यात अडकवला, माझ्यादेखत. त्या बुधवारी परत सहाव्यात घालायचं तेवढं राहून गेलं होतं म्हणे. गाणं सुरू झालं. मी तिच्या डाव्या खांद्यामागे उभा होतो, हातात यादी नाही, काही नाही. हातांचं काय करायचं ते मला कळेना. नऊ वर्षं हिला कळलं होतं.

विमान वर गेलं, गिरकी घेऊन खाली आलं, आणि आमच्यासमोर जमिनीपासून हातभर अंतरावर शेपटीवर उभं राहिलं. पंख्याचा आवाज तेवढा. ते तिथेच हलकेच फिरत राहिलं आणि मागे लोक टाळ्या वाजवायला लागले. हिच्या मानेवर घाम होता. आनंदानं तिचे खांदे थरथरत होते, पण बोटं मुळीच नाही.

डावा पंख दोन अंशांनी खाली होता. मला स्पष्ट दिसत होतं. मी तोंड उघडलं.

“काय झालं?” तिनं मान न वळवता विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “उडव तू.”